हार्डबॉल खेळावे कधी, आणि म्हणावे कधी

इंग्रजी वृत्तपत्रे नित्यनेमाने वाचणाऱ्या, किंवा नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने परदेशी कंपन्यांशी पत्रव्यवहार करणाऱ्या मराठी वाचकाच्या कानावरून ‘प्ले हार्डबॉल’ हा वाक्प्रचार वारंवार जात असतो, आणि तो वाटाघाटींतल्या कठोरपणाविषयी काहीतरी सांगतो इतके त्याला संदर्भावरून उमगतही असते. परंतु स्वतः लिहिण्या-बोलण्याचा प्रसंग आला की याच वाक्प्रचाराची विलक्षण ओढाताण होते. कोणी आवाज चढवून बोलला तरी त्याने हार्डबॉल खेळला असे म्हणण्यात येते, भाजीच्या जुडीमागे दोन रुपये कमी करून मागणाऱ्या गिऱ्हाइकालाही हीच पदवी मिळते, आणि मुळी चर्चेलाच न बसणाऱ्या हेकट गृहस्थालाही ती बहाल केली जाते. या तिन्ही ठिकाणी शब्द चुकीच्या जागी पडतो. उद्धटपणा, घासाघीस आणि हेका या तीन निरनिराळ्या वृत्ती असून हार्डबॉल ही चौथीच वस्तू आहे. ती कोणती, इंग्रजीत तिचा उल्लेख कसा व केव्हा करावा, आणि प्रत्यक्ष व्यवहारात तिच्याशी गाठ पडली असता काय करावे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

या वाक्प्रचाराचे मूळ अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानावर आहे. १८८७ च्या नोव्हेंबरात शिकागो शहरातील फॅरागट बोट क्लबात, थँक्सगिव्हिंगच्या सणानिमित्त जमलेले काही तरुण हार्वर्ड आणि येल या दोन विद्यापीठांमधील फुटबॉल सामन्याचा निकाल कळण्याची वाट पाहत होते. निकाल कळल्यावर उडालेल्या गोंधळात कोणीतरी मुष्टियुद्धाचा हातमोजा भिरकावला, दुसऱ्याने तो काठीने परतवला, आणि जॉर्ज हॅन्कॉक नामक गृहस्थाने तोच हातमोजा आवळून बांधून त्याचा चेंडू बनवला व घरात खेळता येईल असा बेसबॉलचा एक सौम्य अवतार तेथल्या तेथे उभा केला. कालांतराने या खेळास ‘सॉफ्टबॉल’ हे नाव पडले. त्यातला चेंडू आकाराने मोठा, मैदान लहान, आणि चेंडू टाकण्याची रीत खालून हात फिरवण्याची. या मवाळ भावंडापासून वेगळेपणा दाखवण्याकरिता मूळच्या बेसबॉलला बोलीभाषेत ‘हार्डबॉल’ म्हणण्याचा प्रघात रुळला. आजचा सॉफ्टबॉलही हातावर बसला असता मुळीच मऊ वाटत नाही, ही गोष्ट अलाहिदा.

बेसबॉलचा चेंडू वजनाने ५ ते ५.२५ औंस आणि घेराने ९ ते ९.२५ इंच असतो. बुचाच्या गाभ्यावर धागा घट्ट गुंडाळून वर कातडे शिवलेले, आणि त्या शिवणीचे १०८ दुहेरी टाके, अशी त्याची घडण. आपल्याकडे टेनिसच्या चेंडूने गल्ली गाजवणारा मुलगा ज्या दिवशी प्रथम सीझन बॉलसमोर उभा राहतो त्या दिवशी त्याच्या पायांची ठेवण जशी आपोआप बदलते, तसाच फरक अमेरिकी माणसाच्या मनात या दोन खेळांच्या नावांमध्ये आहे. कठीण चेंडूने इजा होते, आणि होते म्हणजे खरोखरीच होते: १६ ऑगस्ट १९२० रोजी न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर कार्ल मेझ याने टाकलेला चेंडू क्लीव्हलंडच्या रे चॅपमन या खेळाडूच्या डोक्यावर आदळला आणि दुसऱ्या दिवशी त्याचा अंत झाला. अशा चेंडूच्या भीतीचा उपयोग करून घेणे हाही खेळातील एक मान्य डाव समजला जातो. फलंदाज पुढे सरसावू लागला की त्याला मागे रेटण्यासाठी चेंडू त्याच्या अगदी अंगाजवळून टाकावयाचा. अंगाजवळून टाकणे नियमात बसते, अंगावर नेम धरणे बसत नाही, आणि या दोहोंमधली रेषा पंचाला दरवेळी दिसतेच असे नाही. १९३२-३३ च्या बॉडीलाइन मालिकेची हकिकत ठाऊक असलेल्या आपल्या क्रिकेटप्रेमी वाचकाला या रेषेचे स्वरूप निराळे समजावून सांगण्याची गरज नाही.

वाक्प्रचाराचा सारा अर्थ या चित्रातून निघतो. वाटाघाटीत एखादा पक्ष हार्डबॉल खेळतो असे म्हणावयाचे तर त्याच्या हाती प्रतिपक्षाला नुकसान पोहोचवण्याचे काहीतरी साधन असले पाहिजे, ते वापरण्याची त्याची तयारी असली पाहिजे, आणि ती तयारी प्रतिपक्षाच्या दृष्टीस पडेल अशी तजवीजही त्याने केलेली असली पाहिजे. शिवाय हे सर्व नियमांच्या कडेपर्यंत जाऊन, पण सामान्यतः नियमांच्या आत. केवळ कठोर भाषणाला हा शब्द लागत नाही. मंद स्मित करीत, चहाचा पेला पुढे सरकवीत, अत्यंत मृदू स्वरात कोणी ‘आपली मागणी आम्हांस मंजूर नाही, आणि येत्या सोमवारपासून आम्ही माल दुसऱ्या पुरवठादाराकडून घेऊ’ असे म्हणाला व तसे करण्याची पूर्वतयारी त्याने खरोखर केलेली असली, तर तो हार्डबॉल होय. आणि टेबलावर मूठ आपटून आकाशपाताळ एक करणारा, पण ज्याला दुसरा पुरवठादारच नाही असा गृहस्थ, त्याने कितीही आव आणला तरी या शब्दास पात्र ठरत नाही. या लाक्षणिक अर्थाने हा शब्द विशेष रूढ झाला तो १९७० नंतरच्या दशकात, अमेरिकेतील राजकारणी आणि वार्ताहर यांच्या बोलण्यातून. प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष टिप ओ’नील यांचे पूर्वीचे सहायक ख्रिस मॅथ्यूज यांनी १९८८ साली राजकीय डावपेचांवरील आपल्या पुस्तकाला ‘हार्डबॉल’ हेच नाव दिले, आणि त्याच नावाचा त्यांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम १९९७ पासून अनेक वर्षे, थेट २०२० पर्यंत, चालू होता.

दाखल्यांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. ज्या खेळाने हा शब्द दिला त्याच खेळाच्या दप्तरात वेतनाच्या वाटाघाटींचे असे दोन प्रसंग आहेत की त्यांवरून या शब्दाची व्याप्ती आणि मर्यादा यांचा उत्तम उलगडा होतो. दोन्ही प्रसंग समजण्यासाठी त्या काळचे एक कलम ध्यानात ठेवले पाहिजे. खेळाडूने एकदा एखाद्या संघाशी करारनामा केला की त्याच्यावर त्या संघाचा कायमचा हक्क राही. मुदत संपली तरी त्याला दुसऱ्या संघाकडे जाता येत नसे. खेळाडूंच्या हाती अशा स्थितीत एकच शस्त्र उरे, ते म्हणजे करारावर सही न करता घरी बसणे.

१९३७ च्या हंगामात न्यू यॉर्क यांकीज संघाच्या जो डिमॅजिओने ४६ होमरन केले होते. तरुण वय, अफाट लोकप्रियता आणि हातात ताजे यश, अशा ऐन भरात १९३८ च्या हंगामासाठी त्याने ४०,००० डॉलर्सची मागणी केली. संघाचे मालक जेकब रुपर्ट यांनी २५,००० डॉलर्सवर बोट ठेवले आणि ते तेथून हलवण्यास साफ इनकार केला. डिमॅजिओ सॅन फ्रान्सिस्कोत बसून राहिला. हंगाम सुरू झाला, संघ त्याच्यावाचून खेळू लागला, आणि जगभर मंदी असताना, देशात लक्षावधी माणसे बेकार असताना, २५,००० डॉलर्स नाकारणाऱ्या या तरुणाविषयी प्रेक्षकांच्या मनात सहानुभूती उरली नाही. अखेर त्याने २५,००० वरच सही केली. गैरहजेरीच्या दिवसांचा पगार कापला गेला तो निराळाच, आणि मैदानात उतरल्यावर त्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. येथे हार्डबॉल कोण खेळला, असा प्रश्न विचारला तर पुष्कळजण डिमॅजिओचे नाव घेतील. माझ्या मते तो खेळला रुपर्ट. डिमॅजिओपाशी मागणी होती, हट्टही होता. परंतु दुसरीकडे जाण्याचा मार्ग कलमाने बंद केलेला होता, आणि हे त्याच्याइतकेच रुपर्टलाही ठाऊक होते.

दुसरा प्रसंग १९६६ चा. लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचे सँडी कूफॅक्स आणि डॉन ड्राइसडेल हे दोन पिचर मागील हंगामाचे नायक होते. संघाने जिंकलेल्या ९७ सामन्यांपैकी ४९ या दोघांच्या नावावर लागले होते आणि वर्ल्ड सिरीजही संघाने पटकावली होती. संघाचे व्यवस्थापक बझी बवासी यांची रीत अशी की कूफॅक्सशी बोलताना ‘ड्राइसडेल तर इतक्यावर तयार आहे’ म्हणावयाचे आणि ड्राइसडेलशी बोलताना कूफॅक्सचे नाव पुढे करावयाचे. ही गोष्ट दोघांच्या ध्यानात आली तेव्हा त्यांनी त्या काळी सर्वस्वी अश्रुतपूर्व अशी चाल केली: दोघांनी मिळून एकच मागणी ठेवली, तीन वर्षांसाठी दोघांत मिळून १० लाख डॉलर्स, आणि एकट्याने कोणीही सही करावयाची नाही अशी परस्परांत शपथ घेतली. वाटाघाटींसाठी वकील नेमला, आणि सराव शिबिराकडे न फिरकता एका चित्रपटात काम करण्याचे कबूल करून टाकले. बवासींना दिलेला तो निरोपच होता. बत्तीस दिवसांनी समेट झाला. मागितलेले मिळाले नाही. पण कूफॅक्सला १,२५,००० आणि ड्राइसडेलला १,१०,००० डॉलर्स मिळाले, जेथे मागील वर्षी हे आकडे अनुक्रमे ८५,००० आणि ८०,००० होते. कलम तेच, मालकशाही तीच. फरक इतकाच की एक खेळाडू गेल्याने संघ लंगडतो, पण पहिले दोन पिचर एकदम गेल्याने त्याचा कणाच मोडतो, आणि बवासींचे जे हत्यार होते, एकाला दुसऱ्याविरुद्ध वापरण्याचे, तेच त्यांच्या हातून काढून घेण्यात आले होते. डिमॅजिओच्या प्रसंगाशेजारी हा प्रसंग ठेवून पाहावा म्हणजे हा शब्द कोणत्या ठिकाणी वापरावा याविषयी संशय राहणार नाही.

आता वापराचे नियम. क्रियापद नेहमी ‘प्ले’ हेच. हार्डबॉल कोणी ‘करीत’ नाही, ‘घेत’ नाही आणि ‘दाखवीत’ही नाही. शब्दाच्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ लावावयाचे नाही, आणि शब्द अखंड लिहावयाचा. ‘हार्ड’ आणि ‘बॉल’ असे दोन तुकडे केले की वाचणाऱ्याला खरोखरीचा चेंडू दिसू लागतो. ज्याच्याशी हा खेळ चालला आहे त्याच्याआधी ‘विथ’ येते, आणि ज्या विषयावरून चालला आहे त्याच्याआधी ‘ओव्हर’ किंवा ‘ऑन’. ‘द बँक इज प्लेइंग हार्डबॉल विथ अस ओव्हर द लोन’ हे वाक्य म्हणूनच निर्दोष आहे. नामापूर्वी विशेषणासारखाही हा शब्द चालतो: ‘हार्डबॉल टॅक्टिक्स’, ‘हार्डबॉल पॉलिटिक्स’. मुलाखतकाराने विचारलेल्या अडचणीत टाकणाऱ्या प्रश्नाला ‘हार्डबॉल क्वेश्चन’ आणि पाहुण्याला खूश करणाऱ्या गुळगुळीत प्रश्नाला ‘सॉफ्टबॉल क्वेश्चन’ म्हणतात. या दुसऱ्या प्रयोगाची आवश्यकता आपल्या दूरचित्रवाहिन्यांनी पुष्कळच वाढवली आहे.

व्याकरणापेक्षा अवघड भाग आहे तो कोणी कोणाविषयी बोलावे हा. बहुतांशी हा शब्द तिऱ्हाइताने किंवा ज्याच्यावर दाब आला आहे त्याने उच्चारावयाचा असतो. ‘ते हार्डबॉल खेळत आहेत’ या वाक्यात थोडी तक्रार, थोडा नाइलाज, आणि थोडी भीतियुक्त कदरही असते. ‘आम्हीही हार्डबॉल खेळू शकतो’ असे स्वतःविषयी म्हणणे ही सरळ धमकी होय, आणि अमेरिकी चित्रपटांनी ती इतकी झिजवली आहे की प्रत्यक्ष बैठकीत ती ऐकणारा घाबरण्याऐवजी हसण्याचा संभव अधिक. पत्रात प्रतिपक्षाला उद्देशून ‘आपण हार्डबॉल खेळत आहात’ असे लिहिणे तर सर्वथा टाळावे. तो शब्द बोलीचा आहे, दस्तऐवजाचा नाही, आणि पुढेमागे तोच कागद लवादापुढे गेला तर आपण त्याच्या वर्तनाला नियमांतील डाव म्हणून मान्यता दिली असा त्याचा अर्थ लावला जाण्याची शक्यता राहते. ही शब्दयोजना कचेरीतील आपापसांतल्या टिपणात, संभाषणात, बातमीच्या मथळ्यात शोभते. प्रतिपक्षाच्या नावे पाठवावयाच्या खलित्यात ‘आपण घातलेली मुदत आणि अट’ इतकेच नमूद करावे, आणि विशेषणे दप्तरातच राहू द्यावी.

याच कुटुंबातील दुसरा वाक्प्रचार म्हणजे ‘ड्राइव्ह अ हार्ड बार्गेन’, आणि या दोहोंची गल्लत फारच प्रचलित आहे. तो वयाने पुष्कळ वडील. ‘बार्गेन’ला ‘ड्राइव्ह’ हे क्रियापद जोडण्याची रीत सोळाव्या शतकातील सर फिलिप सिडनी यांच्या ‘आर्केडिया’तील एका प्रेमगीतातही आढळते, आणि तेथे ती दोन हृदयांच्या अदलाबदलीसाठी योजलेली आहे, तिचा कठोरपणाशी काही संबंध नाही. आजच्या वापरात हा वाक्प्रचार किंमत आणि अटी चिकाटीने आपल्या बाजूला ओढून घेण्याविषयी बोलतो. दाब, मुदत, नुकसानीची भीती यांची त्यात अपेक्षा नसते. त्याचा सर्वांत गोड उपयोग हरणाऱ्याच्या तोंडी होतो. सौदा पटला, हातात हात आला, आणि विक्रेता मान हलवून ‘यू ड्राइव्ह अ हार्ड बार्गेन’ म्हणाला, की समजावे त्याने आपली कदर केली. ‘तुम्ही काही ऐकणाऱ्यांतले नाही, साहेब’ असे आपल्या बाजारपेठेतला दुकानदार म्हणतो, तोच तो सूर. ‘यू प्ले हार्डबॉल’ हे वाक्य असे समोरासमोर, हसून, सौदा पटल्यावर सहसा कोणी म्हणत नाही. भूतकाळी पहिल्याचे रूप ‘ड्रोव्ह’ होते हेही ध्यानात असावे, कारण ‘ड्राइव्हड’ असे लिहिणारे आढळतात. ‘टेक अ हार्ड लाइन’ ही तिसरी पाती. तिच्यात धोरणाची ताठरता आहे, डाव नाही, आणि वाटाघाट चालू असलीच पाहिजे असेही नाही. ‘प्ले हार्ड टु गेट’ याचा तर सौद्याशी मुळात संबंधच नाही. मनात असून उदासीनतेचे नाटक करणाऱ्या प्रियकर-प्रेयसींसाठी तो राखून ठेवलेला आहे, आणि ‘हार्ड’ या समान शब्दामुळे एखाद्या करारविषयक अहवालात तो शिरला म्हणजे वाचणाऱ्यांची जी करमणूक होते ती अहवाललेखकाच्या हिताची नसते.

मराठीत आणावयाचे झाल्यास ‘कठीण चेंडू खेळणे’ असे शब्दशः भाषांतर करण्याचा मोह टाळावा. आपल्याकडे ‘खिंडीत गाठणे’ आहे, ‘कोंडीत पकडणे’ आहे, आणि नाक दाबले की तोंड उघडते ही म्हण तर जणू कूफॅक्स आणि ड्राइसडेल यांनाच उद्देशून झाली असावी. प्रसंग पाहून यांतील एकाची निवड करावी. ‘ताठर भूमिका घेणे’ हा वृत्तपत्री पर्याय मात्र अपुरा आहे, कारण त्यात कृतीचा मागमूस नाही.

या शब्दाच्या वापराला एक नैतिक कडाही आहे. शब्द खेळातला आहे, आणि खेळ म्हटला की दोन्ही बाजू स्वेच्छेने मैदानात उतरल्या आहेत व हरणारा संध्याकाळी घरी जाऊन जेवणार आहे, असे गृहीत असते. ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेतील हवाई वाहतूक नियंत्रकांनी संप पुकारला. संघराज्याच्या नोकरांना संप करण्यास कायद्याने मनाई होती. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी ४८ तासांत कामावर रुजू होण्याची मुदत दिली, आणि मुदत उलटताच ११,००० हून अधिक नियंत्रकांना बडतर्फ केले. पर्यवेक्षक आणि लष्करातील नियंत्रक यांच्या बळावर विमाने चालू ठेवण्याचा बंदोबस्त सरकारने आधीच करून ठेवलेला होता. या कृतीला हार्डबॉल म्हणण्यास प्रत्यवाय नाही. मुदत, साधन आणि तयारी यांची इतकी काटेकोर जुळणी क्वचितच दिसते. गंमत अशी की याच संघटनेने आदल्या वर्षीच्या निवडणुकीत रेगन यांना पाठिंबा दिलेला होता. पण त्यानंतर काही महिन्यांतच, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्या संपाविषयी लिहिताना हाच शब्द वापरावा काय? गिरणीमालकांनी वाट पाहण्याची जी नीती अवलंबिली, आणि १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मान्यताप्राप्त ठरलेल्या एकट्या संघटनेशीच बोलण्याचा जो आग्रह धरला, त्या नीतीला तो शब्द लागू पडेल. ज्याने भांडीकुंडी विकून गावाकडची वाट धरली त्या कामगाराच्या हट्टाला तो लावणे मला तरी असह्य वाटते. सामर्थ्य ज्याच्या बाजूला आहे त्याच्या डावपेचांसाठी हा शब्द राखून ठेवावा. दुसऱ्या बाजूसाठी ‘झुंज’ हा आपला साधा शब्द आहे, आणि इंग्रजीतही त्याला प्रतिशब्दांची वाण नाही.

इतका वेळ शब्दाविषयी झाले. ज्यांना वाटाघाटींत प्रत्यक्ष बसावयाचे आहे, घरमालकाशी भाडेपट्ट्यासाठी, कंपनीशी पगारासाठी, किंवा ठेकेदाराशी बांधकामाच्या हप्त्यांसाठी, त्यांनी आधी एका कागदावर स्वतःशीच प्रामाणिकपणे लिहून काढावे की हा सौदा मोडला तर उद्या सकाळी मी काय करणार आहे. हार्वर्डमधील रॉजर फिशर आणि विल्यम युरी यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गेटिंग टु येस’ या ग्रंथात या पर्यायाला ‘बाटना’ असे आद्याक्षरी नाव दिले; सौदा न झाल्यास आपल्या हाती राहणारा सर्वांत चांगला मार्ग, एवढाच त्याचा अर्थ. कागद कोरा राहिला तर हार्डबॉल खेळू नये. दुसऱ्या नोकरीचे पत्र खिशात नसताना राजीनाम्याची भाषा करणारा उमेदवार, किंवा दुसरी जागा पाहिलेली नसताना ‘भाडे कमी करा, नाहीतर जातो’ म्हणणारा भाडेकरू, हे डिमॅजिओच्याच वाटेने चाललेले असतात, आणि तेही ४६ होमरनांच्या पुण्याईवाचून.

पर्याय हाती असला तरी त्याचा उच्चार एकदाच, मुदतीसह, आणि शांतपणे करावा; मुदत अशी द्यावी की जी उलटल्यावर आपण खरोखर उठून जाऊ. एकदा वाढवून दिलेली मुदत ही मुदत राहत नाही, ती विनंती होते, आणि पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत ती आपल्या विरुद्ध दाखला म्हणून रुजू होते. त्याचबरोबर प्रतिपक्षाला मान राखून मागे येण्यासाठी एखादे दार उघडे ठेवावे. बवासींना दहा लाखांचा आकडा मान्य करावा लागला नाही, ते आपल्या मालकांपुढे ताठ मानेने जाऊ शकले, म्हणूनच समेट झाला. पूर्ण मागणीवर अडून राहते तर तो हंगाम दोन्ही बाजूंच्या हातून गेला असता.

आपल्यावरच कोणी हा डाव टाकला तर पहिली गोष्ट म्हणजे तेथल्या तेथे उत्तर देऊ नये. अट लेखी मागावी; तोंडी दिलेल्या निर्वाणीच्या इशाऱ्यांपैकी पुष्कळ इशारे कागदावर येताना आपोआप सौम्य होतात, आणि जे होत नाहीत ते खरे आहेत हे निदान कळते. नंतर त्याच्या साधनाची परीक्षा करावी: तो म्हणतो तो दुसरा ग्राहक आहे काय, असल्यास त्याला किती दिवसांत माल पोहोचवता येईल, आणि आपण नाही म्हटले तर त्याचेही काय बुडते? रागाला येऊन प्रतिधमकी देणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग पडणारी चाल होय. आणि डाव नियमांची रेषा ओलांडून अंगावर येत असेल, करारातील कलम एकतर्फी बदलले जात असेल, तर वाटाघाटीच्या टेबलावर अधिक कठोर होण्यात काही अर्थ नसतो. तेथे पंचाकडे गेले पाहिजे.

१९९४ च्या ऑगस्टात वेतनावर कमाल मर्यादा घालण्याच्या मालकांच्या आग्रहावरून अमेरिकेतील बेसबॉलपटूंनी जो संप केला त्यात नेमके हेच घडले. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज रद्द झाली, जी गोष्ट १९०४ नंतर प्रथमच घडत होती. मालकांनी बदली खेळाडू गोळा करून वसंतातल्या सराव सामन्यांत उतरवले, आणि वेतनविषयक लवाद व मुक्त खेळाडूंसंबंधीची जुनी व्यवस्था आपल्या अधिकारात बाजूला सारली. बदली खेळाडू आणणे हा डाव होता, व्यवस्था एकतर्फी बाजूला सारणे हा डाव राहिला नाही. संघीय कामगार मंडळाने न्यायालयात धाव घेतली, आणि ३१ मार्च १९९५ रोजी न्यू यॉर्कच्या जिल्हा न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी मालकांविरुद्ध मनाईहुकूम काढून जुन्या अटी पुन्हा लागू केल्या. दोन दिवसांनी संप मिटला, एप्रिलच्या अखेरीस प्रत्येक संघास १४४ सामने असा आखूड केलेला हंगाम सुरू झाला, नवा करार होण्यास मात्र पुढे दीड वर्षाहून अधिक काळ लागला, आणि मालकांना हवी होती ती वेतनमर्यादा त्या करारातही आली नाही.